मुंबई लोकलचे रूट कोडमध्ये कसे मांडायचे? फास्ट आणि स्लोसाठी वेगळे सबक्लास करू का?

तुम्ही जावामध्ये लोकलचं प्रोजेक्ट करताय, स्टेशनच्या क्लासमध्येच नेक्स्ट स्टेशन ठेवलंय आणि आता फास्ट-स्लोचे दोन सबक्लास करायचा विचार आहे. सबक्लास अजिबात करू नका, आणि त्याआधी ते नेक्स्ट काढून टाका.

दादरच्या पुढचं स्टेशन कुठलं सांगा बरं? विरारकडे जाणाऱ्या स्लोला माटुंगा रोड, कल्याणकडे जाणाऱ्या स्लोला माटुंगा, आणि सेंट्रलची फास्ट असेल तर बहुतेक वेळा थेट कुर्ला. म्हणजे पुढचं स्टेशन दादरला माहीतच नसतं, ते गाडीवर ठरतं. स्टेशनमध्ये फक्त आयडी, नाव आणि लोकेशन ठेवा, आणि आयडी स्वतःचा द्या, कारण एल्फिन्स्टन रोडचं २०१८ ला प्रभादेवी झालं आणि दादरला २०२३ च्या डिसेंबरमध्ये सेंट्रलचे प्लॅटफॉर्म नंबर बदलून ८ ते १४ केले, नाव किंवा प्लॅटफॉर्म नंबरच ओळख (key) म्हणून वापरला तर असं काही झाल्यावर सगळा डेटा हलतो.

मग पॅटर्न नावाचा क्लास करा, त्यात थांब्यांची क्रमाने यादी, बस. कसारा फास्ट घ्या, कल्याणपर्यंत स्टेशनं सोडत जाते आणि पुढे सगळी घेते, तिला कुठल्या सबक्लासमध्ये टाकणार? पॅटर्नमध्ये हा प्रश्नच येत नाही, यादी वेगळी एवढंच. ट्रिप म्हणजे एक पॅटर्न, प्रत्येक थांब्याची वेळ आणि ती कुठल्या दिवशी धावते ते, रविवारचं टाइमटेबल वेगळं असतं म्हणून हे लागतंच.

वेळेचं मात्र नीट बघा. रात्री साडेबाराची गाडी ही आदल्या दिवसाच्याच टाइमटेबलमधली असते. जीटीएफएस (GTFS) या सार्वजनिक वाहतुकीची टाइमटेबलं लिहायच्या फॉरमॅटमध्ये ती २४:३०:०० अशी लिहितात, पण जावाचा वेळ ठेवायचा क्लास लोकलटाइम (LocalTime) २३:५९ च्या पुढे जातच नाही, तेव्हा सरळ त्या टाइमटेबलचा दिवस सुरू झाल्यापासूनची मिनिटं इंटमध्ये (int) ठेवा. जीटीएफएसच्या रूट, ट्रिप आणि स्टॉप टाइम्स या फाइल्स एकदा वाचाच, तुमचे अर्धे क्लास तिथेच सापडतील.

आणि गाडी बदलायला ट्रान्सफर हा वेगळा क्लास हवा, कारण परळ आणि प्रभादेवी ही दोन वेगळी स्टेशनं आहेत पण लोक पुलावरून चालत बदलतात. त्यात चालायची मिनिटं टाका, दादरला वेस्टर्न-सेंट्रल बदलायलासुद्धा, नाहीतर तुमचा प्रोग्राम अशी गाडी दाखवेल जी संध्याकाळच्या गर्दीत पूल ओलांडून कुणालाच मिळणार नाही.