पहिला प्रोजेक्ट वावरातच कर

फायनल इयरचा प्रोजेक्ट बाजारातून तयार आणू नकोस, एवढं माझं ऐक. घरची कपाशी आहे ना? तिथंच ओलाव्याचा सेन्सर लाव.

मी आधी दोन काट्यांचा स्वस्त सेन्सर लावला. करंट सतत चालू ठेवला, म्हणून महिन्याभरात एक काटा पार गंजून गेला. तू कपॅसिटिव्ह घे, म्हणजे ज्यात धातू मातीला उघडा लागत नाही असा, वरचा सर्किटचा भाग एपॉक्सीनं बंद कर. आपली काळी माती वाळली की भेगाळते. सेन्सरभोवती पोकळी झाली की खाली ओल असूनही आकडा कोरडा येतो. म्हणून माती दाबून बसव. एक डबा वाळलेल्या मातीचा, एक भिजवलेल्या मातीचा घे आणि त्यांवर आकडे जुळव. सेन्सर ईएसपी-३२ ला, म्हणजे वायफायवाल्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडशील, तर त्यावर वायफाय चालू असताना एडीसी-२ च्या, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटातल्या पिना वाचता येत नाहीत, ३३ नंबरची पिन घे. मोटारीच्या थ्री-फेज स्टार्टरला मात्र वायरमनशिवाय हात लावायचा नाही.

आणि खंजिरी सोडू नकोस रे. भजनातली थाप फोनवर रेकॉर्ड कर, पायथनमध्ये तिचा स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कोणती कंपनं किती जोरात आहेत त्याचा आलेख काढ. चामडं शेकण्याआधीची एक, नंतरची एक. ताण वाढला की सूर वर सरकलेला तुला पडद्यावर दिसेल. मला तो आलेख नक्की दाखव.