गोदीचा दरवाजा आणि तिथीची पाऊणपट

प्रश्न : मुंबईच्या इंदिरा गोदीला दरवाजे कशासाठी? आणि कंटेनरची मोठी जहाजं तिथे न येता न्हावाशेव्याला का जातात? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : उधाणाच्या दिवसांत मुंबईचं पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. गोदी उघडी ठेवली, तर भरलेलं जहाज ओहोटीला गाळात टेकेल आणि धक्क्याला बांधलेले दोर ताण बसून तुटतील. म्हणून १९१४ सालच्या या गोदीत (तेव्हाची अलेक्झांड्रा) पाणी अडवून धरतात.

जहाज आत घ्यायचं तर बाहेरचा दरवाजा उघडून टग (जहाज ओढणाऱ्या छोट्या बोटी) ते दोन दरवाजांमधल्या कुंडात आणतात. मागचा दरवाजा लागतो, कुंडातलं पाणी गोदीच्या पातळीला आलं की आतला उघडतो. जड जहाजाला तिथवर पोचायलाही भरती गाठावी लागते. ती हुकली, की नांगर टाकून पुढचे साडेबारा तास वाट बघायची.

भरती कधी, याचा कोकणातला हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा वाजता, पहाटे आणि संध्याकाळीही. तासभर इकडेतिकडे धरावं. जहाजाला वाट दाखवणारा बंदराचा पायलट मात्र छापील कोष्टकच बघतो, आणि ते बरंच आहे.

आता मोठ्या जहाजांचं. कुंड २२८.६ मीटर लांब आणि ३०.५ मीटर रुंद. पनामा कालव्याच्या जुन्या मापाची जहाजंच ३२ मीटर रुंद असतात! गाळ उपसून खोली वाढवता येते, दगडी भिंतींमधली वाट कशी रुंद करणार? शिवाय कंटेनर रचायला मोकळं मैदान लागतं, आणि इथे गोदीला खेटून शहर. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावाशेव्याला धक्का खाडीवर उघडा आहे, मागे जागाही आहे.

प्रश्न : १९४४ चा स्फोट झाला ती गोदी बघता येईल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही, ती बुजवली. १४ एप्रिल १९४४ ला स्फोट झालेलं ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत (१८८८) उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्यांच्याच जोडीला कापसाच्या गासड्या. ही रचनाच घातक होती. शेजारची प्रिन्सेस गोदीही (१८८०) समुद्रात बांधायच्या नव्या कंटेनर टर्मिनलला (कंटेनर चढवा-उतरवायच्या धक्क्याला) मागची जागा हवी म्हणून भरून काढली. पुढे त्या टर्मिनलच्या धक्क्यावर कंटेनरऐवजी मोटारी आणि पोलाद चढू-उतरू लागलं.