जुनी पिकअप घेताना आधी खालून बघ

अठरा पूर्ण होऊन पक्कं लायसन्स हातात आलं, मगच गाडी शोधायला लाग. अठराच्या आत चालवताना सापडलास तर 25,000 रुपये दंड आणि तुरुंगवासाची वेळ वडिलांवर येऊ शकते, शिवाय तुला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

पहिली गाडी म्हणून मी जुनी बोलेरो पिकअप सुचवेन. तिचे मेकॅनिक आणि पार्ट पुण्यात सहज मिळतात. रंग, टेप, सीटकव्हर यांना भुलू नकोस. टॉर्च घेऊन गाडीखाली शीर. चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, वेल्डिंगचे टाके दिसले, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) तुटलेले किंवा जास्तीचे चढवलेले असले, तर तिने बहुधा अति माल ओढलाय. मालक किंमत कितीही उतरवो, सोडून दे. इंजिन सकाळी थंड असतानाच चालू करून बघ. मग कात्रजच्या घाटात ने. उतरताना ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ते तिथे कळेल.

कागदांत फिटनेस सर्टिफिकेट आणि विमा चालू आहेत का, बँकेच्या कर्जाचा बोजा उतरलाय का, हे बघ. चासी नंबर आरसीशी, म्हणजे नोंदणीच्या कागदाशी, स्वतः जुळव.

आणि एक कळकळीने सांगतो: रिकाम्या पिकअपची मागची चाकं पावसात पटकन घसरतात. पहिला पावसाळा हळूच चालव, आणि हौद्यात मित्रांना उभं करून सिंहगडावर मुळीच नेऊ नकोस.