हुशार माणसालाच लोक नावं का ठेवतात?

तुम्ही विचारलंय की बढती मिळाल्यापासून सोबतचे तिरकस बोलू लागलेत, आणि एखाद्याच्या हुशारीचा लोकांना इतका त्रास का होतो. मी कुडाळकडचा, भजनी मंडळात पखवाज वाजवतो, म्हणून तिथलंच सांगतो.

आमच्याकडे डबलबारी होते, म्हणजे दोन भजनी मंडळांचा सामना. दोन बुवा (मंडळाचे मुख्य गायक), आळीपाळीने बाऱ्या, आणि गजरातून एकमेकांना टोमणे. लोक त्यासाठीच रात्र जागवतात, आणि तिथलं बोलणं सहसा कोणी मनाला लावून घेत नाही. खरी जळजळ मांडवाबाहेर, चहाच्या टपरीवर. आमच्या वाडीतला एक पोरगा बुवा म्हणून उभा राहिला. पहिल्याच सामन्यात त्याने अभंग असा लावला की समोरच्या मंडळातले माना डोलवत होते. सकाळी आमच्याच वाडीत सुरू: "गळो बरो आसा, पण गुरू कोण तेचो?" "चाकरमान्यांनी डोक्यार घेतल्यानी, नायतर काय!" बोलणारे कोण, तर लहानपणी त्याच्याच शेजारी टाळ घेऊन बसलेले.

मुंबईतल्या मोठ्या गायकावर यातलं कोणीच जळत नाही. तो लांबचा. बरोबरीचा पुढे गेला की मात्र 'आपल्याला संधीच मिळाली नाही' असं म्हणायची सोय राहत नाही. राग त्याचा असतो.

पण प्रत्येक टीकेला जळजळ म्हणून मोकळे होऊ नका. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या गावच्या, मुरुडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. ते काही त्यांच्या विद्वत्तेवर जळत नव्हते, त्यांना आपलंच खरं वाटत होतं. (चुकलेच, पण ते दुखणं वेगळं.) आणि आमच्या त्या पोराला दुसऱ्या मंडळातल्या एका म्हाताऱ्या पखवाजवाल्याने बाजूला घेऊन सांगितलं, "गौळणीत लय चढयतस, कोरस मागे ऱ्हवता." मी साथीला होतो, शंभर टक्के खरं होतं ते. त्याने ना गुरू काढला, ना घराणं. चढलेली लय तेवढी दाखवली.

तेव्हा तिरकस बोलणाऱ्यांत तुमच्या कामातली नेमकी चूक दाखवणारा कोणी आहे का, ते बघा. असेल तर त्याच्यासोबत चहा घ्या, त्याचा सूर कडू असला तरी. बाकीच्यांना उलट उत्तरं देत बसू नका. पुढची बढती दुसऱ्या कोणाला मिळाली की त्यांना नवीन माणूस सापडतोच.