चहा चांगला, पण चाय अच्छी

तुमचं विचारणं, बाईंचं सांगणं

प्रश्न : तारकर्लीला आमचं घरगुती न्याहारी-निवास आहे. पाहुणे इंदूर-भोपाळकडचेही येतात. त्यांचं सगळं कळतं, पण मी बोलायला लागले की गडबड. "चाय अच्छा है ना?", "कमरा बड़ी है", "समुद्र लंबा नहीं है" असं काहीबाही तोंडातून जातं आणि त्यांची पोरं खुदूखुदू हसतात. शाळेतलं विशेषण-क्रियाविशेषण केव्हाच विसरले. कुठून सुरुवात करू?
— एक वहिनी, तारकर्ली

उत्तर : वहिनी, विशेषणं तुम्हाला येतात. बिनसतं ते नामापाशी. आपला चहा 'तो', हिंदीतली चाय 'ती'. खोली 'ती', पण कमरा 'तो'. मासा 'तो', मछली 'ती'. पाऊस 'तो', बारिश 'ती'. उशी 'ती' आणि तकिया 'तो'. तुम्ही मनात खोली धरता आणि तोंडाने कमरा म्हणता, मग 'बड़ी' येणारच. म्हणून हिंदी शब्द सुटा पाठ करू नका, विशेषणासकट करा. नुसतं 'चाय' नको, 'अच्छी चाय'. नुसतं 'तकिया' नको, 'छोटा तकिया'. लिंग आपोआप जिभेवर बसतं.

हिंदीत नपुंसकलिंग नाही, हेही ध्यानात असू द्या. आपलं जे जे 'ते', त्याला तिकडे 'तो' नाहीतर 'ती' व्हावंच लागतं. पाणी, दूध, घर, फूल ही सगळी 'तो' झाली, म्हणून 'ठंडा पानी', 'बड़ा घर'. पुस्तक मात्र 'ती' झालं. का, ते विचारू नका. (ड खालच्या टिंबाला बिचकू नका. 'गाडी' म्हणताना तुमची जीभ तोच ड उच्चारते, आपण फक्त टिंब देत नाही.)

आता तुमच्या स्वयंपाकघरात येते, कारण खरी मेख तिथे आहे. चवीढवीचे आपले शब्द बघा : गोड, आंबट, तिखट, कडू, तुरट. त्यात थंड, पातळ, लहान हेही घाला. यातला एकही शब्द जागचा हलत नाही. गोड आंबा, गोड आंबे, गोड पोळी, गोड पाणी, सगळीकडे गोडच. हेच हिंदीत गेले की प्रत्येकाच्या शेवटी 'आ' येतो : मीठा, खट्टा, तीखा, कड़वा, कसैला, ठंडा, पतला, छोटा. आणि शेवटी 'आ' आला की शब्द वळायला लागतो : मीठा आम, मीठे आम, मीठी रोटी. 'चांगला-चांगली' आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळे 'अच्छा-अच्छी' एकदा लिंग कळलं की जमतं. 'थंड'ला वळवायची सवयच नाही, म्हणून मराठी माणूस 'ठंडा लस्सी' मागतो.

समजा, वाटीतल्या सोलकढीकडे बोट दाखवून पाहुणीने विचारलं, "ये गुलाबी-गुलाबी क्या है?" कढ़ी हिंदीतही 'ती'च आहे. तेव्हा बिनधास्त सांगा, "कोकम और नारियल की है। ठंडी है, थोड़ी खट्टी, ज़रा-सी तीखी।" ठंडी, थोड़ी, खट्टी, तीखी, चारही वळले. 'गुलाबी' मात्र तस्साच राहतो, कारण त्याच्या शेवटी 'आ' नाही. लाल, गरम, साफ़, ख़राब यांचंही तेच : गरम चाय, गरम पानी, गरम रोटियाँ.

एक खाच मात्र आहे. आपलं 'तिखट' डब्यातही असतं आणि चवीतही. हिंदीत डब्यातली ती 'मिर्च'. तेव्हा "तीखा कम डाला है" असं न म्हणता "मिर्च कम डाली है" म्हणा, किंवा "कम तीखा बनाया है".

खोलीत येऊ. 'लहान खोलीत' म्हणताना 'लहान' हलत नाही, म्हणून आपण 'छोटा कमरा में' म्हणून मोकळे होतो. हिंदीत 'में, पर, को, से' पुढे आले की पुल्लिंगी 'आ'चा 'ए' होतो, नामाचा आणि विशेषणाचाही : 'छोटे कमरे में'. स्त्रीलिंगाला हा व्याप नाही, 'छोटी गाड़ी में'. बायकांच्या बाजूने हिंदी आणखी एका ठिकाणी सोपी आहे. आपण 'मोठी लाट, मोठ्या लाटा' करतो. तिकडे 'बड़ी लहर, बड़ी लहरें'. 'बड़ी'ला काही करायचं नाही.

लिंगाशी झटापट करायला वेळ नसेल त्या दिवशी 'बढ़िया' वापरा. शेवटी 'आ' असूनही हा शब्द कुणापुढे वाकत नाही : बढ़िया चाय, बढ़िया कमरा, बढ़िया लोग. 'ताज़ा'च्या बाबतीत तर हिंदीवालेच दोन्ही बोलतात, 'ताज़ा मछली' आणि 'ताज़ी मछली'. मी 'ताज़ी'च्या बाजूची.

राहिला तुमचा लंबा समुद्र. आपलं 'लांब' अंतरालाही चालतं, हिंदीतलं 'लंबा' लांबीला आणि माणसाच्या उंचीला. अंतराला 'दूर'. "समुद्र दूर नहीं है" किंवा "पास ही है" म्हणा. आणि मोठ्या पावसाला 'बड़ी बारिश' नको, 'तेज़ बारिश' म्हणा.

प्रश्न : मालवण धक्क्यावरून होडीने माणसं सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेतो. आमका हिंदी येता, पण लोक हसतत. परवा "खाली बैठो, खाली बैठो" म्हणून ओरडलो, तर एक जण म्हणाला, "खाली ही तो बैठे हैं।" होडीवर काय बोलायचं ते सांगा.
— होडीवाला, मालवण

उत्तर : भाऊ, त्याने तुमची फिरकी घेतली. हिंदीत 'ख़ाली' म्हणजे रिकामा. तुम्ही त्याला रिकामं बसायला सांगितलंत, आणि तो तसाच बसला होता. आपलं 'खाली' म्हणजे तिकडचं 'नीचे' : "नीचे बैठिए।"

तुम्हाला विशेषणांपेक्षा क्रियाविशेषणं जास्त लागतात, आणि त्यांची गंमत अशी की ती फारशी वळत नाहीत. 'जपून उतरा' म्हणजे "सँभलकर उतरिए", 'घट्ट धरा' म्हणजे "कसकर पकड़िए". दोन्हींतला 'कर' आपल्या 'करून'चा भाऊच. बाकीची बरीचशी 'से' लावून होतात : आराम से, ध्यान से, ज़ोर से. 'सावकाश चढा' म्हणायचं असेल तर "आराम से चढ़िए". 'आराम' ऐकून कुणी आडवं होणार नाही. घाई करायची तर "जल्दी आइए", आणि 'सरळ जा' म्हणजे "सीधे जाइए".

एक शब्द मात्र तोलून वापरा. आपलं 'मोठी' म्हणजे 'बड़ी'. हिंदीतलं 'मोटी' म्हणजे जाडी. "मोटी बहन पहले उतरिए" म्हणालात तर त्या बाई परतीला दुसरी होडी बघतील. 'मोटी' किल्ल्यासाठी राखून ठेवा, तिथे तो शोभतो : "मोटी दीवार", जाड भिंत. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला, हे तुम्ही सांगतच असाल. दूधबाव, साखरबाव, दहीबाव दाखवताना म्हणा, "चारों ओर खारा पानी, और अंदर मीठे पानी के तीन कुएँ।" आपल्या गोड्या पाण्याला हिंदीतही 'मीठा पानी' म्हणतात, तेव्हा कुणी साखर शोधणार नाही. विहीर 'ती' असली तरी कुआँ 'तो' आहे, म्हणून "गहरा कुआँ".

प्रश्न : बाई, आपण 'तो चांगला पोहतो, ती चांगली पोहते' म्हणतो. मग हिंदीत 'वह अच्छी तैरती है' हे बरोबर ना?
— नववीतली विद्यार्थिनी, देवगड

उत्तर : बोलताना ऐकू येतं, पण व्याकरणाच्या पुस्तकाला 'वह अच्छा तैरती है' हवं असतं. इथे 'अच्छा' मुलीबद्दल सांगत नाही, पोहण्याबद्दल सांगतो, म्हणून तो मुलीप्रमाणे वळत नाही. 'वह अच्छी लड़की है' मध्ये मुलीबद्दल सांगतो, म्हणून वळतो. कानाला 'अच्छा तैरती है' खटकत असेल तर 'अच्छी तरह तैरती है' लिही, त्यात वादच नाही. 'अच्छे से' हल्ली सगळे बोलतात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण पेपर तपासणारे कुठल्या वळणाचे असतील सांगता येत नाही, तेव्हा 'अच्छे से' मैत्रिणींसाठी ठेव.