खपली काढू नका, मॅडम

"मॅडम, आत्ता कुठं खपली धरलीय. तुम्ही परत उकरू नका. एवढंच सांगायला मी एकटी आधी आत आले."

नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून ती माझ्यासमोर बसली होती. सोलापुरात अठरा वर्षं समुपदेशन करतेय, आणि हे वाक्य मी महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. भाजलेल्या मुलाची आई म्हणते. लहानपणी नात्यातल्याच माणसानं अत्याचार केलेल्या मुलीची मावशी म्हणते. झालेलं पुन्हा बोलायला लावलं तर आपलं माणूस पार मोडेल, अशी भीती त्यांना वाटते. ती मायेपोटीच असते, पण तिच्यामुळे कितीतरी जण माझ्यापर्यंत पोचायला वर्षानुवर्षं लावतात. म्हणून बसवराजची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

"खपली धरलीय, तर मग इथं का आणलंत?"

ती थोडी थांबली. "दसरा जवळ आलाय ना मॅडम. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की आमच्या मालकांचं परत सुरू होतं."

बसवराज पंचेचाळिशीचे, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मंगळवेढ्याकडून रात्री मोटारसायकलवर येत होते, मागे धाकटा भाऊ. रस्त्यात उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता, लाल पट्टीही नव्हती. भाऊ गेला.

तेव्हापासून ट्रॅक्टरवरची मोठ्यानं लावलेली गाणी लांबून ऐकू आली तरी त्यांचे हात थरथरायचे. वाऱ्यावर मळीचा वास आला की घाम फुटायचा. रात्री ओरडत उठायचे. तो रस्ता कायमचा बंद, आणि दोन वर्षं सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेलाही गेले नाहीत. कामावर मात्र एक दिवस खाडा नाही, उलट डबल पाळी करायचे. "मागाच्या आवाजात बरं वाटतं. डोक्यातलं काही ऐकू येत नाही," असं पहिल्याच भेटीत म्हणाले. घरच्यांनी सगळं करून पाहिलं होतं. अक्कलकोटच्या वाऱ्या झाल्या, दृष्ट काढून झाली, "मन घट्ट कर" तर रोजचंच. देवाला जाऊ नका असं मी कुणालाच सांगत नाही, त्यातून धीर मिळतो. पण मन घट्ट करायला सांगणं म्हणजे ताप आलेल्याला अंग गार कर म्हणण्यासारखं आहे.

साधी आठवण आणि आघाताची आठवण यांत फरक असतो. साध्या आठवणीला आपण 'तेव्हा' म्हणतो. आघाताची आठवण 'आत्ता' म्हणून येते. वास आला, आवाज आला, की शरीर पुन्हा त्या रात्रीच्या रस्त्यावर उभं असतं. भीतीची सूचना देणारा मेंदूचा भाग विचार करणाऱ्या भागासाठी थांबत नाही. यात मनाच्या कमकुवतपणाचा काहीही संबंध नाही. मनोविकारतज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या संघटनेनं १९८० साली या त्रासाची आजार म्हणून अधिकृत नोंद केली, तेव्हा व्हिएतनामहून परतलेले धट्टेकट्टे सैनिकही त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

हेही खरं, की प्रत्येक आघाताला उपचार लागत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या घरचे कितीतरी रात्री अंगणात झोपले. हळूहळू सगळे आत गेले. मोठी आत्या मात्र पुढे कित्येक वर्षं भांडं पडलं तरी दाराकडे धावायची. पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, तेच तेच दिसणं हे मन सावरत असल्याचं लक्षण असू शकतं. त्या दिवसांत माणसाला खोदून खोदून विचारू नये. जेवण, झोप, सोबत, एवढं सांभाळावं. महिना उलटूनही ते ओसरत नसेल, माणूस रस्ते, माणसं, विषय टाळत चालला असेल, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर रात्र काढत असेल, तर मात्र वाट पाहू नये.

बसवराजच्या बायकोला मी शब्द दिला होता, की ते तयार होईपर्यंत त्या रात्रीबद्दल विचारणार नाही. त्यामुळे पहिल्या भेटींत आम्ही फक्त झोप, श्वास आणि पाय जमिनीवर टेकवून 'आत्ता मी कुठे आहे' हे स्वतःला सांगणं यावरच काम केलं. एका मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं, त्यांनी औषध सुरू केलं. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "मागावर उभा धागा तुटला तर काय करता?"

"माग थांबवायचा आणि जोडायचा."

"न थांबवता तसाच चालू ठेवला तर?"

"सगळ्या कापडात रेघ जाते, मॅडम." मग स्वतःच म्हणाले, "आमची बायको म्हणते, थांबवू नका."

माझी घडण विवेकनिष्ठ मानसोपचारातली. घटनेइतकाच तिचा आपण लावलेला अर्थ त्रास देतो, यावर माझा पक्का विश्वास आहे. त्यामुळे मला वाटलं, गाडी हे चालवत होते, म्हणजे अपराधभाव तिथेच असणार. दोन भेटी मी त्याच्यावर घालवल्या. ते मान डोलवायचे, "पटतंय" म्हणायचे, आणि रात्री पुन्हा ओरडत उठायचे.

सहाव्या भेटीत मी त्यांना ती रात्र सावकाश, आत्ता घडतेय अशी सांगायला लावली. दरवेळी त्यांचं सांगणं सारखंच असायचं: ट्रॉली, धडक, दवाखाना. या वेळी मी मध्येच थांबवलं.

"धडक आणि दवाखाना यांच्यात किती वेळ गेला?"

"अर्धा तास असेल."

"त्या अर्ध्या तासात काय आहे?"

बराच वेळ ते टेबलावरच्या ग्लासाकडे बघत राहिले. "पाणी मागत होता," ते म्हणाले. "गाडीला बाटली होती. भरलेली. मी झाकण काढलं. तेवढ्यात जमलेल्यातला एकजण म्हणाला, पाणी देऊ नका, ऑपरेशन करावं लागेल. मी झाकण लावलं. तो तीनदा म्हणाला, अण्णा, पाणी. मी झाकण लावलं, मॅडम."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की सहा भेटींत त्यांनी माझ्याकडच्या पाण्याला हात लावला नव्हता. त्यांच्या बायकोनं एकदा सहज सांगितलं होतं, की हे रोज रात्री घरातली सगळी भांडी, बाटल्या भरून ठेवतात. सोलापुरात तेव्हा नळाला रोज पाणी येत नव्हतं. भांडी भरून ठेवणाऱ्या माणसाबद्दल इथे कुणाला काय वेगळं वाटणार? मलाही वाटलं नव्हतं.

आपल्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालणं हे शेवटचं देणं. तेवढंही घालायला कुणी नव्हतं, यापरतं वाईट मरण आपण मानत नाही. बसवराज दोन वर्षं तेच उराशी धरून बसले होते. गाडी चालवण्याबद्दल त्यांना दुःख होतं. पण आपण भावाला तहानलेला पाठवलं, हे ते कुणाजवळ बोललेच नव्हते.

"तुमची चूक नव्हती" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले. हे वाक्य त्यांना गावभर मिळालं होतं.

"झाकण लावताना तुमच्या मनात काय होतं?"

"ऑपरेशन व्हायचंय. लवकर न्यायचंय."

"ऑपरेशन कुणाचं करतात?"

"जो जगणार असतो त्याचं."

ते गप्प झाले. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग अगदी हळू म्हणाले, "मी त्याला जाणारा धरलंच नव्हतं, मॅडम. जगणार म्हणूनच दिलं नाही."

त्यानंतर ते रडले, दोन वर्षांत पहिल्यांदाच. मी काहीही बोलले नाही. समुपदेशकाला बोलणं शिकवतात. अशा वेळी गप्प बसणं मला वर्षांनी जमलं, आणि त्याचं मला मोल वाटतं. गंभीर जखमी माणसाला तोंडातून काही देऊ नये, भूल देताना ते उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे मी त्यांना पुढच्या भेटीत सांगितलं. तेच आधी सांगितलं असतं तर नुसती माहिती ठरली असती.

म्हणजे उकरणं आणि उलगडणं वेगळं. चार नातेवाइकांसमोर "काय झालं ते सांग की" म्हणणं हे उकरणं. तयारी करून, माणसाच्या वेगानं, थांबायचा हक्क त्याच्या हातात ठेवून त्या क्षणापर्यंत जाणं हा उपचार. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये आघातानंतरच्या त्रासासाठी सुचवलेल्या उपचारांमध्ये आघातावरच काम करणारी थेरपी आहे. मात्र ती शिकलेल्या माणसाकडेच करावी. "तुम्ही आघाताच्या किती केसेस हाताळल्यात?" असं बेधडक विचारा; चांगला थेरपिस्ट रागावणार नाही. भेटीनंतर दोन-चार दिवस त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो. ते तुम्हाला आधीच सांगितलं गेलं पाहिजे. आणि दर भेटीला माणूस अधिकच कोसळत असेल, तर वेग चुकतोय, हेही थेरपिस्टला स्पष्ट सांगा. जवळपास कुणी नसेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून मोफत बोलता येतं.

पुढच्या भेटी रस्त्याच्या होत्या. आधी देगाव नाक्यापर्यंत, बायकोला सोबत घेऊन, दिवसा. मग तिऱ्हे गावापर्यंत. मग एकदा ट्रॅक्टर शेजारून जाईपर्यंत कडेला उभं राहणं, हातपाय कापले तरी. भीती चढते आणि पळून गेलं नाही तर आपोआप उतरते, हे शरीराला असं अनुभवानंच शिकवावं लागतं.

मकरसंक्रांतीनंतर दोघं पुन्हा आले. या वेळी ती त्यांना बाहेर बसवून आली नव्हती, पण चेहरा काळजीचा होता.

"मॅडम, परवा ह्यांनी रस्त्यात भांडण काढलं. ट्रॉली अंधारात उभी होती, मागं काहीच लावलं नव्हतं. ह्यांनी गाडी थांबवली आणि त्या ड्रायव्हरला असं झापलं, की शेवटी त्यानं लाल फडकं आणून बांधलं. कुठला राग म्हणायचा हा? परत बिघडतंय का?"

मी बसवराजकडे पाहिलं. ते खाली बघत होते, थोडे ओशाळलेले.

"त्या रात्री झोप लागली?"

"लागली की."