डिप्रेशनच्या गोळ्या चालू असताना टीएमएस घेता येतं का, की आधी गोळ्या बंद कराव्या लागतात?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं गोळ्या चालू आहेत, फरक निम्माच पडलाय, डॉक्टरांनी आता डोक्याला चुंबकाचे झटके देणारं टीएमएस सुचवलंय. तर गोळ्या सुटतील का, आणि दोन्ही एकदम घेतलं तर काही बिघडेल का.

मी डॉक्टर नाही. डोंबिवलीत राहते, फोर्टला नोकरी करते, आणि एका पावसाळ्यात त्या खुर्चीत तीस वेळा बसून आलेय. गोळ्या चालू ठेवून. मध्ये चार दिवस स्वतःच्या अकलेने बंद केल्या होत्या, तेही सांगते.

आधी तो ‘झटके’ शब्द काढून टाका. आमच्या सासूबाईंनीही ऐकल्या ऐकल्या विचारलं होतं, “शॉक देणार का गं?” शॉक म्हणजे ईसीटी, त्यात भूल देतात आणि मुद्दाम फिट आणतात. इथे तुम्ही जागे असता. कानातलं, क्लिपा काढायच्या, मोबाइल आणि एटीएम कार्ड लांब ठेवायचं, कानात बोळे घालायचे. डाव्या कपाळाच्या वर एक कॉइल टेकवतात. तिच्यातून क्षणभर जोरदार वीज जाते, तिचं चुंबकीय क्षेत्र कवटीपार जातं आणि आतल्या पेशींत बारीकसा प्रवाह उठतो. शाळेत शिकलेला फॅरेडे, दुसरं काही नाही. पहिले चार-पाच दिवस कोणीतरी एकाच जागी टिचक्या मारतंय असं वाटतं, डोकंही दुखतं. मग सवय होते.

गोळ्या बंद करायच्या हा समज बहुधा जुन्या अभ्यासांतून आलाय. अमेरिकेत २००८ मध्ये या उपचाराला परवानगी मिळाली, ती ज्या अभ्यासावर मिळाली त्यातल्या पेशंटांच्या गोळ्या थांबवलेल्या होत्या. यंत्र एकट्याने काय करतं हे पाहायचं होतं, म्हणून. प्रत्यक्षात बहुतेक लोक गोळीसोबतच घेतात. नेदरलँड्समध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तुमच्यासारख्यांवरच होता: निदान दोन औषधांनी पुरेसा गुण न आलेले ८९ जण. निम्म्यांना टीएमएस, निम्म्यांची गोळी बदलली, समुपदेशन दोघांनाही. टीएमएसवाल्यांत २७ टक्के लोक आजारातून जवळजवळ बाहेर आले, गोळी बदललेल्यांत ५ टक्के. म्हणजे ‘अजून एक गोळी बदलून बघू’ यापेक्षा हे बरं. पण २७ हा आकडाही नीट बघा. टीएमएस घेऊनही दहातले सातजण तिथवर पोचले नाहीत.

आता माझे ते चार दिवस. तिसऱ्या आठवड्यात झोप जरा सुधारली, आणि वाटलं, काम तर यंत्र करतंय, मग व्हेन्लाफॅक्सिन, म्हणजे माझी डिप्रेशनची गोळी, कशाला? घरी कोणाला न सांगता सोडली. तिसऱ्या दिवशी दादरच्या पुलावर मान वळवली की डोक्यात सर्रकन वीज गेल्यासारखं व्हायला लागलं. चक्कर, मळमळ, उगाच रडू. मी टीएमएसच्या सेंटरवर छातीठोकपणे सांगितलं की तुमच्या यंत्राने माझं डोकं बिघडवलंय. तिथल्या मुलीने एवढंच विचारलं, “ताई, गोळी घेताय ना?” ते सगळं गोळी एकदम तोडल्याचं होतं. या औषधाचं तसं असतंच, ते पायरीपायरीने उतरवावं लागतं.

वर त्यांना मोजणी पुन्हा करावी लागली. पहिल्या दिवशी कॉइल डोक्यावर फिरवत उजवा अंगठा कितीला उडतो ते बघतात आणि त्यावरून तुमच्यासाठी यंत्राचा जोर ठरवतात, बहुतेकदा त्याच्या १२० टक्के. ही पातळी औषधांनी वरखाली होऊ शकते. म्हणून कोर्सभर गोळी आहे तशी ठेवायची, कमी नाही, जास्तही नाही. काही बदलायचंच असेल तर डॉक्टर बदलतील, तुम्ही नाही.

आणि झोपेची गोळी लपवू नका. क्लोनाझेपाम आपल्याकडे कोण घेत नाही! या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांना टीएमएसचा गुण कमी येतो असं काही अभ्यासांत दिसलंय, म्हणून माझी आधी महिनाभर हळूहळू उतरवली. एकदम सोडली तर उलट फिट येऊ शकते. टीएमएसने फिट येणं फार दुर्मीळ, हजारात एकापेक्षाही कमी, पण ब्युप्रोपिऑनसारखी डिप्रेशनची काही औषधं, दारू आणि जागरण तो धोका वाढवतात. पूर्वी कधी फिट आली असेल, मेंदूच्या ऑपरेशनमध्ये आत बसवलेली धातूची क्लिप किंवा कानात ऐकू येण्यासाठीचं कॉक्लिअर इम्प्लांट असेल, कधीतरी मन अतिच उधाणलं असेल (डॉक्टर त्याला मॅनिया म्हणतात), तर पहिल्याच भेटीत सांगा. सगळ्या पाकिटांचे फोटो न्या, आयुर्वेदिक चूर्णाचासुद्धा.

जागा निवडताना रेल्वेचा विचार करा, हा खरा मुंबईकर सल्ला. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे जायचंय. मी दादर घेतलं कारण ते वाटेवर होतं. माझा थीटा बर्स्ट नावाचा प्रकार होता, जेमतेम तीन मिनिटांचा. जुन्या पद्धतीला सदतीस मिनिटं लागत. खुर्चीत तीन मिनिटं आणि डोंबिवलीच्या जिन्यावर दहा! पाणी भरून गाड्या बंद पडल्या तेव्हा दोन दिवस बुडले, ते शेवटी जोडून दिले.

पैशांचं थोडक्यात: खासगीत एका वेळचे हजारांत जातात. २०१७ चा कायदा मानसिक आजाराला इतर आजारांइतकंच विमासंरक्षण द्या म्हणतो, पण माझ्या विमा कंपनीने ‘ॲडमिट नव्हता’ म्हणून क्लेम परत पाठवला. आधी लेखी विचारा.

पहिले दोन आठवडे काहीच वाटलं नाही तर घाबरू नका. या काळात जगणंच नको असे विचार आले तर मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, डॉक्टरांना लगेच कळवा, नाहीतर १४४१६ वर फोन करा. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात.

मला फरक कळला तो पाचव्या आठवड्यात, लेडीज डब्यात. चौथ्या सीटवरून, म्हणजे तिघींच्या बाकावर चौथीने टेकायच्या जागेवरून, मी एका बाईशी ठाण्यापर्यंत भांडले. त्याआधी वर्षभर कोणी सरका म्हटलं की मी सरळ उठूनच उभी राहत होते. व्हेन्लाफॅक्सिन अजून चालू आहे, आता निम्म्या डोसवर.